चिडा, पण तालात

मन्मथ सरांनी पहिल्याच भेटीत माझ्या कानात इअरफोन खुपसला आणि म्हणाले, "सर, तुम्ही इंग्रजीवाले. हा काय म्हणूलालाय तेवढं सांगा."

लातूरच्या एका कोचिंग क्लासची ती स्टाफरूम. स्टाफरूम म्हणजे पत्र्याच्या लांबलचक शेडचा प्लायवूड ठोकून वेगळा काढलेला कोपरा. मी त्याच दिवशी रुजू झालो होतो. डॉक्टर-इंजिनियर व्हायला आलेली पोरं इंग्रजीच्या तासाला गणितं सोडवत, आणि पुढची सगळी वर्षं मीही त्यांच्या फारसा आड आलो नाही. पण पहिल्या दिवशी आपल्या विषयाबद्दल कुणी काही विचारतंय, याचंच मला अप्रूप वाटलं. मी लक्ष देऊन ऐकू लागलो.

लोखंडी पिंपात खडी भरून ते जिन्यावरून सोडून द्यावं आणि आपलं पिंप गेलं म्हणून आकांत करत एखादा माणूस त्याच्यामागे धावावा, असं काहीतरी आत चाललं होतं. मी डोळे मिटले. मग उघडले.

"प्रेमगीत नसावं," मी म्हणालो.

"ते मलाबी कळतंय. भांडण कशावरून हाय?"

ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण "कळत नाही" असं सरळ कबूल करणारा इंग्रजीचा मास्तर सरांना बहुधा आवडला असावा. दुसऱ्या दिवसापासून ते डब्यातली शेंगाचटणी माझ्यासमोर सरकवू लागले.

हेवी मेटल ऐकणारा माणूस जसा दिसतो असं आपल्याला वाटतं, तसे मन्मथ सर कुठूनही दिसत नसत. पांढरा हाफ शर्ट, नीट आत खोचलेला. कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे. उदगीरच्या पलीकडचं, कर्नाटकाला खेटलेलं गाव. मराठी आमच्यासारखंच बोलत, पण आकडे मोजायची वेळ आली की आपसूक कानडीत शिरत. फळ्यावर गणित सोडवताना हाताची बोटं टेबलावर वाजत आणि ओठांतल्या ओठांत "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु" चाललेलं असे. मुलांना वाटायचं सर पायऱ्या मोजतात. सर ड्रम मोजत असत.

त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीभर कॅसेटी होत्या. बँडांची नावं त्यांवर अशा काटेरी, मुळ्या फुटलेल्या अक्षरांत छापलेली की ती छापणाऱ्यालाही वाचता आली नसावीत. सरांनी तो नाद सोडून स्वतःच नावं ठेवली होती. एका बँडचं नाव लोहार, कारण ऐरणीवर घण पडावेत तशी त्यांची गिटार पडायची. दुसरे तहसीलवाले. ते इतक्या सावकाश वाजवत की बाहेर कुणी मेलं तरी त्यांची घाई होणार नाही. तोंडाला पांढरं-काळं फासून कव्हरवर उभे असलेले ते यात्रेवाले. "आपल्या गावच्या यात्रेत सोंगं निघत्यात तसले. थंडीचा मुलूख असंल, घाम येत न्हाई म्हणून रंग टिकतो." आणि केस डोळ्यांवर घेऊन उदास बसलेले एक होते, ते सर्दीवाले. त्यांच्याबद्दल सरांचं मत बरं नव्हतं. "हे चिडलेले न्हाईत सर. ह्यांला बरं न्हाई."

चिडणं हा त्यांच्या रसग्रहणाचा मुख्य निकष होता. "सगळं जग चिडतंय," ते म्हणत. "आपला डायरेक्टर चिडतो, यष्टीचा कंडक्टर चिडतो. पण हे लोहार बघा. एवढे चिडलेत, पण एक घाव इकडचा तिकडं न्हाई. माणसानं चिडावं, पण तालात." हे वाक्य ते मुलांनाही ऐकवत. गणित सुटेना म्हणून पेन आपटणाऱ्या पोराला ते म्हणत, "आपट की. पण तालात आपट." पोरगं हसायचं आणि बहुतेकदा गणित सुटायचं.

लोहारांचं ऐकून त्या दशकात निम्म्या जगातल्या पोरांनी केस वाढवून गिटार हातात घेतली, असं मी पुढे कुठेतरी वाचलं. मन्मथ सरांनी खडू घेतला.

हे सगळं त्यांच्यापर्यंत आलं ते भूकंपातून.

तेव्हा सर किल्लारीच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेत शिकवत होते आणि एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात खोली घेऊन राहत होते. दगडी भिंती, वर मातीचं धाबं. गणपती बुडवून गाव झोपलं. सरांना उकडत होतं म्हणून ते शाळेच्या मैदानात जाऊन पडले. पुढचं ते दोन वाक्यांतच सांगत, आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांत. "आधी आवाज आला, खालून, ट्रक आल्यासारखा. मी म्हणलं, एवढ्या पहाटे ह्या गावात ट्रक कोण आणलाय." म्हातारा-म्हातारीचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

नंतर मदतीला बाहेरदेशची माणसं आली. तोडकंमोडकं इंग्रजी येणारा मास्तर म्हणून सरांना दुभाष्या नेमलं. पत्र्याची शेडं उभारणाऱ्या टोळीत एक ताडमाड उंच गोरा पोरगा होता. त्याचे केस कमरेपर्यंत. गावातल्या बायांनी आपसांत ठरवून टाकलं की त्याचा काहीतरी नवस असणार. सगळे त्याला लांब्या म्हणत. जेवणं झाली की शेडं बांधणारे तासभर आडवे व्हायचे. मन्मथ सर तेवढे बसून. पडलं की कान जमिनीला लागतो, आणि कान जमिनीला लागला की ट्रक येतो. लांब्यानं हे दोन-चार दिवस पाहिलं आणि एका दुपारी काही न बोलता आपला वॉकमन सरांच्या कानांना लावला.

"मला वाटलं, कानात भूकंपच घातला ह्यानं," सर सांगायचे. "पण हा भूकंप टेपात होता सर. बटन दाबलं की बंद."

त्या दुपारी ते झोपले ते थेट दिवेलागणीला उठले. लांब्या परत जाताना वॉकमन आणि कॅसेटी देऊन गेला. सरांनी त्याला विभूतीचा गोळा आणि शेंगाचटणीचा डबा दिला. त्यातलं काय त्यानं कपाळाला लावलं आणि काय खाल्लं, याबद्दल सरांना कायम शंका होती.

थोडक्यात, मेटल नसेल तर सरांना झोप नव्हती. आणि मेटल असलं तरी डोक्यावर स्लॅब चालत नव्हता. शाळा सोडून ते लातूरच्या कोचिंगला आले, त्यातही पगारापेक्षा क्लास पत्र्याच्या शेडात भरतो, हे कारण मोठं होतं. "पत्रा पडला तर टेंगूळ येतं," ते म्हणत. "टेंगूळ आलेला माणूस जेवायला बसतो."

भाड्याच्या घराच्या दोन खोल्या स्लॅबच्या होत्या. सर झोपायचे मागच्या अंगणात, पत्र्याच्या पडवीत. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, बोलायला फटकळ आणि मनानं मोठ्या. त्या मला एकदा म्हणाल्या, "लग्नाआधी आमच्या दादांनी सगळी चौकशी केली. दारू न्हाई, पत्ते न्हाई, तंबाखू न्हाई. आता घरात झोपतो का, हे कोणी विचारतंय का भाऊजी." त्यांना माहेराहून सोनं नको होतं, सासरचं शेत नको होतं. नवरा चार माणसांसारखा छताखाली झोपावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते त्यांनी कधी मोठ्यानं मागितलं नाही. अंथरूण मात्र रोज दोन घालत, आत. त्यातलं एक सकाळी तसंच्या तसं गुंडाळून ठेवत.

भूकंपानंतर लातूरमध्ये घरोघरी एक यंत्र आलं होतं, हे इथं सांगायला हवं. उंच फळीवर तांब्या पालथा घालायचा आणि त्याच्या बुडावर आणखी एखादं भांडं तोलून ठेवायचं. जमीन हलली की वरचं भांडं पडणार, आवाज होणार, घर जागं होणार. सरांच्या घरी तांब्यावर पितळेचं फुलपात्र होतं. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. सर रोज सकाळी आंघोळ करून, विभूती लावून आधी देवाला आणि मग त्या फुलपात्राला बघत. देव जरा तिरका असला तरी चालत असे.

एका रविवारी सकाळी सरांनी एका मंडपवाल्याकडून जुना डेक आणि दोन थोराड स्पीकर आणले. लोहार आजवर कानात ऐकले, एकदा खोलीभर ऐकावेत, एवढीच इच्छा. आंघोळीला जायच्या आधी सरांनी स्पीकर शेजारच्या सामाईक भिंतीला टेकवले, बटन फिरवलं आणि टॉवेल गुंडाळून न्हाणीत शिरले. लोहारांच्या ड्रमवाल्यानं दोन्ही पायांनी सुरुवात केली. सरांचं फुलपात्र पडलं. भिंतीपलीकडे शांताबाईंचा गडवा पडला. त्यांच्या ओरडण्यानं पलीकडच्या घरातल्यांनी भांडं पडायची वाटही पाहिली नाही. बघता बघता सगळी गल्ली रस्त्यावर.

आणि या सगळ्यांत पुढे, अंगाला साबण, कमरेला टॉवेल, मन्मथ सर.

"सर, अजून हालूलालंय बघा," शांताबाई म्हणाल्या.

"हाव. मलाबी ऐकू येऊलालाय," सर म्हणाले.

सगळ्यांत शेवटी सुमनवहिनी आल्या, पदराला हात पुसत. त्यांनी गल्लीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आत टेप चालू हाय तुमची. बंद करू का राहू देऊ?"

स्वतःच केलेल्या भूकंपाला घाबरून पळालेला माणूस म्हणून सरांची पुढे बराच काळ गल्लीत ख्याती होती. डेक दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याकडे परत गेला. फुलपात्र पोचा पडून फळीवर परत गेलं.

याच सुमारास लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. उदगीर, जळकोट, पार उमरीपासून आईबाप पोरांच्या ट्रंका घेऊन उतरू लागले. आमच्या क्लासचे मालक, ज्यांना आम्ही कालपर्यंत अण्णा म्हणत होतो, ते एका उन्हाळ्यात डायरेक्टर झाले. चौकाचौकांत त्यांचे बोर्ड लागले. गुणवत्ता यादीत आलेलं पोरगं बोर्डाच्या कोपऱ्यात, टिकलीएवढं. मधे डायरेक्टर, त्याला पेढा भरवताना. पेढा पोरापेक्षा मोठा दिसायचा.

मग इमारत झाली. समोरून काचेची, आत संगमरवर, आणि प्रवेशद्वाराशी सिमेंटचा ज्ञानवृक्ष, ज्याच्या पानापानावर डायरेक्टरांची वाक्यं कोरलेली. संगमरवर मळू नये म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या. शेड पाडून तिथं गाड्या लावायची जागा होणार होती. गणिताची बॅच गेली तिसऱ्या मजल्यावर.

"मी खालीच शिकवतो," सर म्हणाले.

"खाली स्वागतकक्ष आहे," डायरेक्टर म्हणाले.

"मग झाडाखाली बसतो."

"मन्मथ सर, वर या, नाहीतर गावाकडं जा. मला दुसरा मास्तर बघावा लागेल."

सर दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते थेट जिना चढून गेले, एका हातानं कठडा धरून, दुसरा हात पँटच्या खिशात. खिशात वॉकमन होता. वायर शर्टाच्या आतून वर गेली होती आणि एक इअरफोन डाव्या कानात, भिंतीकडच्या बाजूला.

कानात लोहार चालू असताना माणूस हळू बोलू शकत नाही. सर ओरडून शिकवू लागले. "समजा, क्ष बरोबर शून्य," हे ते अशा आवाजात म्हणत की क्षवर एखादा खटला चालू असावा. पोरं दचकली, मग सरावली, मग त्यांना ते आवडू लागलं, कारण झोप लागायची सोयच राहिली नाही. त्या वर्षी गणिताचा निकाल उत्तम लागला. बाकीच्या क्लासवाल्यांनी चौकशी केली, यांचं गुपित काय. त्यांना एवढंच कळलं की मास्तर ओरडतो. पुढच्या वर्षी आमच्या सबंध रस्त्यावर मास्तर ओरडू लागले. भौतिकवाले ओरडत, जीवशास्त्रवाले बेडकाच्या पचनसंस्थेवर ओरडत. एका नव्या क्लासच्या जाहिरातीत 'खणखणीत आवाजात अध्यापन' असं छापून आलेलं मी स्वतः वाचलं आहे. शिक्षणातल्या बऱ्याच पद्धती अशाच जन्माला येत असाव्यात, असं मला तेव्हापासून वाटतं.

आणि मग एके दिवशी तासाच्या मध्यावर वॉकमनचे सेल संपले.

पुढचं मला मुलांनी सांगितलं. सर श्रेणी शिकवत होते. बोलता बोलता आवाज खाली आला आणि थांबला. हातातला खडू फळ्यावर टेकलेला. ते छताकडे बघू लागले, मग पायांखाली. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळला. एका मुलीनं विचारलं, "सर, पाणी आणू का?" तेव्हा ते म्हणाले, "पाणी नको. बाकं वाजवा."

"काय सर?"

"बाकं वाजवा सगळे. मी सांगतो तसं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. डावीकडच्यांनी चार, उजवीकडच्यांनी तीन. कधी गाठ पडती बघा. हीच श्रेणी."

मी शेजारच्या वर्गात शिकवत होतो. आधी जमीन थरथरली, मग खिडकीची काच. माझा वर्ग क्षणात रिकामा झाला. इंग्रजीच्या तासाला एवढी तत्परता मी त्याआधी पाहिली नव्हती. मीही पळालो असतो. पण तो ठेका माझ्या ओळखीचा होता. इतकी वर्षं शेंगाचटणीसोबत मी तो ऐकत आलो होतो. मी पलीकडच्या दारात जाऊन उभा राहिलो.

वर्गभर पोरं बाकं बडवत होती. सगळी इमारत दणाणत होती. जिन्यावर धावणारे पाय, किंचाळ्या, कुणीतरी "भूकंप, भूकंप" म्हणत होतं. सरांना ते सगळं ऐकू येत होतं. ते दाराकडे बघत होते. टॉवेलावर रस्त्यात पळालेला तो माणूस. मग त्यांनी फळ्याकडे तोंड केलं आणि श्रेणीचं पुढचं पद लिहिलं, मग त्याच्या पुढचं. अक्षर थोडं वाकडं आलं, पण ठेका चुकला नाही. उत्तराखाली दोन रेघा ओढून त्यांनी हात वर केला, तशी बाकं थांबली.

"आता खाली बघून येऊ," ते म्हणाले. "लोकं घाबरली असत्याल."

खाली त्या वेळी डायरेक्टर जळकोटहून आलेल्या पालकांना खांबावर थापा मारून दाखवत होते, कितीही मोठा भूकंप येऊ द्या, ह्या इमारतीचं काही होत नाही. आम्ही पोचलो तेव्हा पालक स्वागतकक्षातच गोंधळून उभे होते आणि डायरेक्टर रस्त्याच्या पलीकडे, पानपट्टीच्या मागे, अनवाणी. त्यांचे बूट संगमरवराच्या बाहेर जोडीनं उभे होते.

"काय चाललं होतं वर?" परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"श्रेणी, सर."

"बाकं वाजवून?"

"हाव. ध्यानात राहती."

एका पालकानं, म्हाताऱ्या धोतरवाल्यानं, अगदी साळसूदपणे विचारलं, "पर साहेब, तुमी का पळालाव?"

"मी तुम्हाला रस्ता दाखवत होतो," डायरेक्टर म्हणाले.

सरांची नोकरी टिकली. त्यांना काढायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पुढच्या वर्षी रस्त्यावरच्या इतर क्लासांत बाकं वाजू लागली, हे सांगायला नकोच.

मला वाटलं होतं, त्या दिवसानंतर सर घरात झोपू लागतील. तसं झालं नाही. वॉकमन जिन्यावरच खिशात बंद होऊ लागला, आवाज माणसात आला, पण पडवी काही सुटली नाही. वहिनी आत दोन अंथरुणं घालत राहिल्या.

पुढे क्लासची नांदेडला शाखा निघाली आणि सर तिकडे गेले. टेम्पोत सामान भरलं तेव्हा तो तांब्या आणि पोचा पडलेलं फुलपात्र त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही, मांडीवर घेऊन बसले. नांदेडचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. पडवी कुठून येणार. ते गॅलरीत कॉट टाकतात, असं वहिनींनी फोनवर सांगितलं.

बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त नांदेडला गेलो, तेव्हा जेवायलाच त्यांच्याकडे गेलो. सरांचे केस पिकले होते, विभूती तेवढीच पांढरी. फ्रिजवर यंत्र जागच्या जागी होतं, तांब्या पालथा आणि वर फुलपात्र. जेवण झालं आणि सर जुन्या मंडळींच्या खबरी सांगू लागले. त्यांच्या क्लासमधल्या एका पोरानं त्यांना सगळं शोधून दिलं होतं. लोहारांनी केस कापले. सर्दीवाल्यांतला एक वारला, त्याचं त्यांना वाईट वाटलं, "बरं न्हाई म्हणत होतो, ते खरंच बरं नव्हतं की सर." तहसीलवाले अजून वाजवतात, त्याच चालीनं. लांब्याचा मात्र पत्ता नाही. "टक्कल पडलं असंल," ते म्हणाले. "नवस फिटला असंल."

बोलता बोलता त्यांना ठसका लागला. ते उठले, स्वयंपाकघरात गेले. मी आणि वहिनी बाहेरून बघत होतो. ओट्यावरची भांडी नुकतीच घासायला पडली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हात वर केला, फ्रिजवरच्या तांब्यावरचं फुलपात्र उचललं, माठात बुडवलं आणि तोंड वर करून घटाघटा पाणी प्यायले. मग ते विसळलं आणि जाळीत पालथं घातलं.

वहिनी हलल्यासुद्धा नाहीत.

"मी जरा पडतो सर, तुम्ही बसा," असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले. गॅलरीत नव्हे, आत. वॉकमन टीव्हीवर, धूळ खात, तसाच राहिला. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू येऊ लागलं. रस्त्यावरून एक जड ट्रक गेला, खिडकीच्या काचा वाजल्या, घोरणं थांबलं नाही.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"हळू," वहिनी म्हणाल्या. "झोपलेत ते."